रात्रपाळीची गोळी, बिघडलेली पाळी

ऑगस्टचा दुसरा आठवडा. पुण्यातली ३२ वर्षांची एक स्त्री स्त्रीरोगतज्ज्ञांकडे येते ती पाळीची तक्रार घेऊन. तीन वर्षांपासून गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत: ३० मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्राडायोल आणि सोबत लेव्होनॉरजेस्ट्रेल, दोन्ही हार्मोन. एकही गोळी चुकलेली नाही. तरी सलग दोन चक्रं मधेच अंगावरून रक्ताचे डाग जात आहेत. नोंदीत लिहिलं जातं: दुसरं कुठलंही औषध चालू नाही.

ही नोंद चुकीची होती. पुढचं सगळं प्रकरण त्या एका ओळीभोवती फिरतं.

(ही व्यक्ती कुणी एक खरी रुग्ण नाही. शिकवण्यासाठी बेतलेलं हे प्रकरण आहे. तिचे आकडे, वेळा आणि प्रसंग त्यासाठीच रचले आहेत. औषधांचे गुणधर्म, मात्रा, कायदा आणि उल्लेख केलेले प्रयोग मात्र खरे आहेत.)

लघवीची गर्भचाचणी निगेटिव्ह आली. सोनोग्राफीत काही नाही. पण रक्तदाब १३८/८८, नाडी मिनिटाला ९८, आणि दोन महिन्यांत वजन चार किलोंनी उतरलेलं. म्हणून डॉक्टरांनी प्रश्न बदलून विचारला: "झोप लागावी म्हणून, जागं राहावं म्हणून, वजनासाठी किंवा केसांसाठी काही घेता का?" हा प्रश्न असाच, चार तुकड्यांत विचारावा. "औषधं चालू आहेत का" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बीपी आणि शुगर येते. कॉफीच्या जोडीने घेतलेली गोळी त्यांच्या लेखी औषध नसतेच.

"जागं राहायला एक घेते," ती म्हणाली. "पण ती औषधाची नाही, आमच्या टीममध्ये सगळेच घेतात."

पर्समधून पट्टी निघाली. मोडाफिनिल, २०० मिलिग्रॅम.

दिवसाचं गणित

ती हिंजवडीत प्रॉडक्शन सपोर्टच्या, म्हणजे क्लायंटचं चालू सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या टीमची लीड. क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, त्यामुळे शिफ्ट साडेसहा ते पहाटे साडेतीन. कॅबने घरी पोहोचेपर्यंत सव्वाचार, डोळा लागेपर्यंत पावणेपाच. सात वाजता उठून मुलाचा डबा, पावणेआठला स्कूलबस. परत आडवं होईपर्यंत साडेआठ. अकराला घरात कुकरच्या शिट्ट्या आणि दारावरची बेल, की झोप संपली. कागदावर पावणेपाच तास दिसतात. दोन तुकड्यांतली झोप असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी.

एका मोठ्या रिलीजच्या तोंडावर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, सहकाऱ्याने अर्धी गोळी दिली. पहिल्या रात्री तिला वाटलं, कित्येक महिन्यांनी आपण पूर्ण जागे आहोत. यात भ्रम काही नव्हता. मोडाफिनिल हे झोप उडवण्याचंच औषध आहे आणि झोपेची उधारी असलेल्या माणसात ते नीट काम करतं. फ्रान्समध्ये त्याचा शोध लागला. १९९८ मध्ये अमेरिकेने ते नार्कोलेप्सीसाठी (दिवसा अनावर झोप येण्याचा आजार) मंजूर केलं, २००४ मध्ये त्यात स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) असलेल्यांची दिवसाची झोपाळू अवस्था आणि शिफ्टमुळे होणारा झोपेचा विकार यांची भर पडली. युरोपीय नियामकांनी मात्र २०१० च्या सुमारास हिशेब पुन्हा मांडला आणि नार्कोलेप्सी सोडून बाकीचे उपयोग वगळले, कारण इतर ठिकाणी फायद्याच्या तुलनेत त्वचेचे आणि मानसिक दुष्परिणाम त्यांना जड वाटले.

दहा दिवसांत अर्धीची पूर्ण झाली. वेळ संध्याकाळी पाचची. रिलीजच्या रात्री अकरा वाजता आणखी अर्धी. जोडीला मशीनची कॉफी पाच कप, शेवटचा दीड वाजता. जुलै संपताना पहाटे झोप येईना, म्हणून सासूबाईंच्या पट्टीतली झोपेची अर्धी गोळी, आठवड्यातून दोन-तीनदा. ही तिसरी गोळीसुद्धा यादीत नव्हती. थेट विचारल्यावर सांगितली.

गोळीने शरीरात काय केलं

डाग का गेले, ते आधी. मोडाफिनिल यकृत आणि आतड्यातलं सीवायपी३ए४ हे विकर (एन्झाइम) वाढवतं. इस्ट्राडायोलची विल्हेवाट लावणाऱ्यांपैकी एक तेच. एका चाचणीत मोडाफिनिल ४०० मिलिग्रॅमपर्यंत नेल्यावर रक्तातलं इथिनिल इस्ट्राडायोल सरासरी १८ टक्क्यांनी घटलं होतं. सरासरी म्हणून हा आकडा छोटा वाटतो. पण आजच्या गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये हार्मोन आधीच कमीत कमी ठेवलेलं असतं आणि प्रत्येक बाईच्या रक्तातली पातळी वेगळी असते. जी आधीच खालच्या टोकाला आहे, तिच्यासाठी एवढी घट पुरते. मधेच डाग जाणं ही त्याची पहिली खूण असू शकते. काहींना ती खूण मिळतच नाही, थेट गर्भ राहतो.

आणि गर्भ राहिला तर प्रश्न आणखी गंभीर. गरोदरपणात मोडाफिनिल घेतलेल्यांच्या बाळांत जन्मजात दोषांचं प्रमाण वाढलेलं दिसल्याने २०१९-२० पासून अनेक देशांच्या नियामकांनी या काळात ते घेऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. म्हणजे एकच गोळी एका बाजूने संरक्षण पातळ करते आणि दुसऱ्या बाजूने, संरक्षण फसलं तर, गर्भाला धोका देते. ही जोडगोळी केमिस्टच्या काउंटरवर कुणी सांगत नाही.

गोळी बंद केल्याबरोबर हा परिणाम जात नाही, कारण वाढलेलं विकर ओसरायला वेळ लागतो. अमेरिकी माहितीपत्रक शेवटच्या गोळीनंतर एक महिना दुसरं साधन वापरायला सांगतं, ब्रिटिश सल्ला दोन महिन्यांचा आहे. ७२ तासांत घ्यायच्या इमर्जन्सी गोळीलाही हाच नियम लागतो. विकर वाढवणारं औषध चालू असताना १.५ मिलिग्रॅमच्या नेहमीच्या मात्रेवर विसंबता येत नाही. तांब्याची तांबी (कॉपर-टी) हा तिथला खात्रीचा उपाय, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने दुप्पट मात्रा.

आता झोप. मोडाफिनिल घेतल्यावर दोन ते चार तासांत रक्तातली पातळी सर्वांत वर जाते, जेवणानंतर घेतली तर तासभर उशिरा. पातळी निम्म्यावर यायला साधारण १५ तास लागतात. पाचला घेतलेली गोळी रात्री नवाच्या सुमारास शिखरावर असेल, तर पहाटे पावणेपाचला त्यातला दोन-तृतीयांशाहून थोडा जास्त भाग रक्तात शिल्लक असतो. दुसऱ्या दिवशी पाचला पुढची गोळी पोटात जाते तेव्हा आदल्या दिवसाच्या गोळीचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग उरलेला असतोच. रोज घेणाऱ्याचा हा साठा दोन-चार दिवसांत एका पातळीवर स्थिरावतो. म्हणून "आज झोप नीट नाही झाली" याचं कारण कालच्या गोळीतही असतं. अकरा वाजताच्या अर्ध्या गोळीचं तर विचारूच नका, तिचं शिखर अंथरुणाला पाठ टेकायच्या जरा आधी येतं.

कॉफीतली भानगड याहून मजेशीर. कॅफिन साधारण पाच तासांत निम्मं होतं, हे ऐकून बरेच जण शेवटचा कप ठरवतात. पण गर्भनिरोधक गोळ्या कॅफिन हटवणारं विकर मंदावतात आणि तो काळ जवळपास दुप्पट, दहा तासांच्या घरात जातो. रात्री दीडच्या कपातलं निम्मं कॅफिन तिच्या रक्तात सकाळी साडेअकरालाही होतं. पाच कपांचे साधारण ३५० मिलिग्रॅम धरले, तर तिला कॅफिनशिवायचा एक तासही मिळत नव्हता. सासूबाईंची गोळी या दोघांशी भांडत होती.

रक्तदाब आणि नाडी मोडाफिनिलने वाढू शकते, कॅफिननेही, आणि इस्ट्राडायोल असलेल्या गर्भनिरोधक गोळीनेही. १४०/९० ला पोहोचलं की ती गर्भनिरोधक गोळी सहसा चालू ठेवत नाहीत. ती त्या रेषेच्या दोन पावलं अलीकडे होती. त्या भेटीत कोणी घाईने गर्भनिरोधक बदललं असतं, तर खरं कारण पर्समध्येच राहिलं असतं.

एक पट्टी, चार माणसं

टीममध्ये पट्टी फिरत होती. यात काय बिघडू शकतं, ते तिने सांगितलेल्या चार सहकाऱ्यांवरूनच दिसतं. एक जण नैराश्यासाठी एस्सिटालोप्रॅम घेत होता. मोडाफिनिल सीवायपी२सी१९ हे विकर दाबतं, त्यामुळे एस्सिटालोप्रॅमची पातळी नकळत चढू शकते. मात्रा तीच आणि परिणाम जास्त, ही कटकट कुणाला कळणार? दुसऱ्याला रक्तदाब होता. तिसऱ्याकडे पट्टी संपली तेव्हा त्याने आर्मोडाफिनिल १५० आणली आणि "ही कमी पॉवरची" म्हणून वाटली. आकडा लहान असला तरी आर्मोडाफिनिलमध्ये मोडाफिनिलचा शरीरात जास्त वेळ टिकणारा अर्धाच भाग असतो. २०० मोडाफिनिलच्या तुलनेत १५० आर्मोडाफिनिल शिफ्टच्या शेवटी रक्तात जास्त उरतं. मिलिग्रॅम पाहून तुलना करण्यातली ही नेहमीची चूक.

चौथ्याला अमेरिकेतल्या भावाकडून ॲडरॉल, म्हणजे ॲम्फेटामिनची गोळी मागवायची होती. ॲम्फेटामिन आणि मेथिलफेनिडेट ही दोन्ही आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या कायद्याखाली मनःप्रभावी पदार्थांच्या यादीत आहेत. मेथिलफेनिडेट एडीएचडीसाठी (लहानपणापासून लक्ष न टिकण्याचा विकार) डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. कुरियरने आलेली ॲडरॉल हे फौजदारी प्रकरण होऊ शकतं. मोडाफिनिल त्या कायद्यात नाही, पण चिठ्ठीशिवाय विकायचं औषध तेही नाही. चिठ्ठी नसल्यामुळे होणारं खरं नुकसान कायद्याच्या भीतीपेक्षा मोठं आहे: बिल नाही, नोंद नाही, आणि दोन औषधं एकमेकांशी काय करतील हे बघणारा माणूस नाही.

त्वचेचं वेगळं सांगावं लागतं. अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल, सोबत ताप: असं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम (औषधामुळे त्वचा सोलवटणं) क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततं, आणि बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच. पट्टी वाटणाऱ्याला हे सांगायचं सुचत नाही.

काम वाढलं, निघालं किती?

तिच्या मते गोळीमुळे काम दुपटीने होत होतं. मनोविकारतज्ज्ञांनी (तिला पुढे तिकडे पाठवलं) हे मत खोडलं नाही. तिलाच तिकिटांचा, म्हणजे क्लायंटच्या तक्रारींच्या नोंदींचा लॉग काढायला सांगितला: गोळीआधीचे सहा आठवडे आणि नंतरचे सहा. स्क्रीनसमोरचे तास आठवड्याला ४६ वरून ५७ वर गेले होते. बंद केलेली तिकिटं ६१ वरून ६४. पुन्हा उघडलेली ५ वरून ११.

एक रात्र तिला स्वतःला आठवली. एक चाळीसला अलर्ट आला, तेव्हा ती एका डॅशबोर्डच्या क्वेरीत (माहिती खेचणाऱ्या कोडमध्ये) शिरलेली होती. क्वेरी चालत होती, फक्त संथ होती. तीन तास तिने ती घासून-पुसून लखलखीत केली. अलर्ट पन्नास मिनिटं तसाच पडून राहिला आणि क्लायंटचा फोन आला. हँडओव्हरची टिपणं एका पानावरून चार पानांवर गेली होती आणि सकाळच्या टीमने ती वाचणं सोडलं होतं. लक्ष लागत होतं यात शंका नाही. ते समोर जे असेल त्याला चिकटत होतं, आणि चिकटलं की सुटत नव्हतं.

मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला आणि २०२३ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आलेला प्रयोग इथे बसतो. १८ ते ३५ वयाच्या ४० निरोगी लोकांना वेगवेगळ्या दिवशी मेथिलफेनिडेट ३० मिलिग्रॅम, डेक्सॲम्फेटामिन १५ मिलिग्रॅम, मोडाफिनिल २०० मिलिग्रॅम आणि नुसती बिनऔषधी गोळी दिली. कोड्याचं स्वरूप: पिशवीची वजनमर्यादा ठरलेली, वस्तूंची वजनं आणि किमती दिलेल्या, जास्तीत जास्त किमतीचा माल भरा. औषध घेतल्यावर लोकांनी वेळ जास्त घातला, हालचाली जास्त केल्या, पण उत्तर मिळण्याचं प्रमाण वाढलं नाही आणि प्रयत्नांचा दर्जा घसरला. बिनऔषधी गोळीवर सरासरीपेक्षा चांगले असणारेच औषधावर सरासरीखाली जाताना दिसले. हे लोक झोप झालेले होते, तिची झोप झालेली नव्हती, हा फरक विसरू नये. तिच्याबाबतीत गोळीचा एक भाग खराखुरा उपयोगी पडत होता: डुलकी लागत नव्हती.

तोही किती? रात्रपाळीच्या दोनशेहून अधिक कामगारांवरची २००५ ची चाचणी सांगते की रात्री झोपायची संधी दिल्यावर त्यांना झोप लागायला मोडाफिनिलवर सरासरी ३.८ मिनिटं लागली, आधी सुमारे दोन लागत होती. पाच मिनिटांच्या आत झोप लागणं हे तीव्र झोपाळूपणाचं लक्षण मानतात. म्हणजे माणूस आधीपेक्षा बरा झाला, जागा झाला नाही. पहाटे साडेतीनला स्वतःची दुचाकी काढणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

"मला एडीएचडी असेल का?" हा तिचा प्रश्न अपेक्षितच होता. निदानासाठी लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून हवीत आणि एकाहून अधिक ठिकाणी, म्हणजे घरी, शाळेत, कामावर दिसायला हवीत. तिची शाळा-कॉलेज सुरळीत गेलेली. आईलाही फोनवर विचारलं. लक्ष उडायला लागलं ते रात्रपाळी लागल्यापासून. झोपाळूपणाच्या एपवर्थ मोजपट्टीवर २४ पैकी १६ आले, दहाच्या वर गेलं की लक्ष द्यावं लागतं. घोरणं नाही, थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन १०.६ आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी निघालं. थकव्याचा एक वाटा रक्तक्षयाचा होता आणि त्यावर उत्तेजक घेणं म्हणजे पेट्रोल नसलेल्या गाडीचा हॉर्न वाजवणं.

काय केलं

मोडाफिनिल अचानक बंद करायला वैद्यकीय अडचण नव्हती. पण गोळीने दडवलेली झोप त्या आठवड्यात एकदम वसूल होते. म्हणून रिलीजचा आठवडा टाळून सात दिवस १०० मिलिग्रॅम, तीही दुपारी चारच्या आत, आणि मग बंद. बंद केल्यापासून दहा दिवस गाडी चालवायची नाही. उरलेल्या चौदा गोळ्या टीममध्ये परत न देता दवाखान्यात जमा केल्या. सासूबाईंची गोळी त्याच दिवशी थांबली. प्रमाण कमी असल्याने हळूहळू कमी करायची गरज पडली नाही. रोज घेणाऱ्याने ती अशी एकदम सोडू नये.

गर्भनिरोधनासाठी दोन महिन्यांचा, म्हणजे कडक सल्ला निवडला: गोळ्या चालू ठेवून सोबत कंडोम. तांब्याची तांबी बसवली असती तर पाळीत रक्त जास्त गेलं असतं आणि १०.६ हिमोग्लोबिनला ते परवडणारं नव्हतं. हार्मोनच्या तांबीचा पर्याय सांगितला, तिला तो नको होता. लोहाची गोळी एक दिवसाआड, रिकाम्या पोटी. चहा-कॉफीपासून दोन तास लांब, नाहीतर लोह शोषलंच जात नाही.

कॉफी दोन कप, दुसरा रात्री साडेनऊच्या आत. हे पहिल्या आठवड्यात पाळलं गेलं नाही, डोकं भयंकर दुखलं. मग रोज अर्धा कप कमी करत आणलं.

झोपेत खरा बदल डब्यावर अडला होता. पहाटे पावणेपाच ते साडेनऊ ही झोप अखंड ठेवायची, तर डबा आणि बस दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला हवी. नवऱ्याने आठवड्यातले चार दिवस घेतले, पाचवा सासूबाईंनी. खिडकीला जाड काळा पडदा, दाराची बेल साडेनऊपर्यंत बंद, फोन बाहेरच्या खोलीत. दुपारी तीन ते साडेचार दुसरी झोप. शिफ्टमध्ये रात्री एकच्या आसपास वीस मिनिटांची डुलकी, गजर लावून; अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की उठताना डोकं जड होतं. ऑफिसात पहिले चार तास भरपूर उजेडात बसायचं, शेवटचे दोन मंद दिव्यात.

कामाच्या बाजूला एकच गोष्ट केली. अलर्टसाठी बारा ते दोन या वेळेत वेगळा माणूस नेमला, ज्याच्याकडे त्या वेळी दुसरं काही काम नाही. मॅनेजरला गोळीचं सांगायचं की नाही, हे तिच्यावर सोडलं. तिने रोस्टरचं बोलणं केलं, गोळीचं नाही.

दोन आठवड्यांनी रक्तदाब १२२/८०, नाडी ८२. बंद केल्यानंतरचे सहा दिवस वाईट गेले, सातव्या रात्री तिने मेसेजमध्ये "आज ठीक" एवढंच लिहिलं. पुढच्या चक्रात एकदाच डाग, त्यानंतर नाही. ऑक्टोबरअखेर एपवर्थ ९, हिमोग्लोबिन ११.५. तास आठवड्याला ४७, तिकिटं ६२, पुन्हा उघडलेली ६.

पुन्हा गोळी लागलीच तर कशी, हेही फाइलमध्ये लिहून ठेवलं: आधी रोज सात तास झोपेची सोय, मग निदान, मग १०० मिलिग्रॅम शिफ्टच्या तासभर आधी, दर महिन्याला रक्तदाब, आणि औषधांच्या यादीत तिचं नाव.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेली. शिफ्ट साडेसात ते साडेचार झाली, ती घरी सव्वापाचला पोहोचू लागली, आणि नवऱ्याचं ऑफिस नेमकं त्याच महिन्यात सकाळी आठचं झालं. पुढची भेट तीन महिन्यांनंतरची ठरली होती, ती अलीकडे घेतली.